मिनिटभराचं भावगीत

मराठी सुगम संगीताचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास उद्या कुणी लिहायला घेतला, तर तो अल्बमवर लिहील, चित्रपटांवर लिहील, रिॲलिटी शोमधून पुढे आलेल्या मुलांवर लिहील आणि खरा ऐवज त्याच्या हातून निसटेल. माझं मत असं आहे की १९९९पासून पुढची बारा-तेरा वर्षं मराठीतली सगळ्यात चांगली नवी गाणी कॅसेटवर नव्हती आणि थिएटरातही नव्हती. ती रोज संध्याकाळी, कुकरची शेवटची शिट्टी आणि मालिकेचा पहिला सीन यांच्या मधल्या मिनिटात वाजून जात होती. मी म्हणतेय ती मालिकांची शीर्षकगीतं.

हे मत मी लग्नाच्या पंगतीत मांडलंय, लोकलच्या डब्यात मांडलंय, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तर कित्येकदा मांडलंय. लोक हसतात. मालिका रोज बघायच्या आणि त्यांना रोज नावं ठेवायची, ही सुशिक्षित मराठी घरातली रीतच आहे. त्यामुळे मालिकेतल्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलं की समोरचा आपल्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतो. मी संगीतातली जाणकार नाही, समीक्षक तर नाहीच नाही. ऐकणारी आहे, आणि ऐकणाऱ्याला मत असायला परवाना लागत नाही.

तरी मत नुसतं फेकून देण्यापेक्षा जरा तपासून बघावं म्हणून यंदा भेटेल त्याला एक प्रश्न विचारत गेले. ‘कुठली मालिका आवडायची?’ हा प्रश्न नव्हे. ‘कुठलं टायटल साँग अजून तोंडपाठ आहे?’ हा. रिक्षावाले, बँकेतल्या मैत्रिणी, दवाखान्यातल्या सिस्टर, भाचीच्या वर्गातली पोरं, सगळ्यांना. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांकडून ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ ही दोन नावं इतक्या वेळा आली की मी नंतर नंतर ‘ती दोन सोडून’ असं आधीच सांगायला लागले. मग दुसरा प्रश्न: मालिकेचा शेवट काय झाला? इथे सगळे गप्प. ज्यांनी एकही भाग चुकवला नव्हता त्यांनाही शेवट आठवेना. कथानकातलं लग्न मोडलं की जुळलं, कुणाला ठाऊक नाही. गाणं मात्र अंतऱ्यासकट हजर. परदेशात वाढलेली एक मुलगी भेटली, तिनं यातली एकही मालिका पाहिलेली नाही. गाणं येतं, कारण आई पोळ्या लाटताना म्हणायची.

हे असं का झालं असावं, याचा विचार करताना मी टीव्हीच्याही मागे गेले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपल्याकडे नाटकाला नांदी आहे. तमाशाला गण आहे. कीर्तनाला नमन आहे. खेळ थेट सुरू करायचा नाही, आधी माणसांना जमू द्यायचं, हा आपल्या मंडपातला जुना शहाणपणा. नांदी चालू असताना उशिरा आलेला प्रेक्षक खुर्ची शोधतो, रडणारं पोर बाहेर नेलं जातं, पानाची पिचकारी मारून लोक परत येतात. टीव्हीचा प्रेक्षक तर मंडपातही नसतो, तो घरभर विखुरलेला असतो. त्याला हाक मारून बोलवावं लागतं. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने तर एकनाथांच्या भारुडातली दार उघडायला सांगणारी हाकच उचलली, आणि आदेश बांदेकर पैठणी घेऊन दारात उभे राहिले. तिथे शीर्षक आणि कार्यक्रम यांच्यात फटच उरली नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला या मिनिटाचं वेळापत्रक सांगितलं. पहिले सूर आले की गॅस बारीक करायचा. मुखडा चालू असताना ओट्यावरून फडकं फिरवायचं. अंतरा सुरू झाला की पदराला हात पुसत बाहेर यायचं, आणि दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर येईपर्यंत खुर्चीत. त्या खुर्चीवर तोवर कुणी बसलेलं असेल तर त्यानं उठायचं, हेही त्यात आलं. हल्ली टायटल दहा-पंधरा सेकंदांत उरकतात, त्यामुळे रोजचा पहिला सीन बुडतो, अशी त्यांची तक्रार आहे. मला ती कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाची वाटते. गाण्याचं काम काय होतं हे त्यांना अचूक कळलेलं आहे.

दूरदर्शनच्या जमान्यातही चांगली शीर्षकं होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढे ‘परमवीर’, ‘हॅलो इन्स्पेक्टर’ अशा मालिका आल्या आणि प्रत्येकीची धून गल्लीत शिट्टीवर वाजायची. (‘हॅलो इन्स्पेक्टर’चे रमेश भाटकर हे संगीतकार स्नेहल भाटकरांचे चिरंजीव, हे अजून पुष्कळांना माहीत नसतं.) राष्ट्रीय वाहिनीवर १९८८ साली श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ आली. तिच्या सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त होतं, संगीत वनराज भाटियांचं, आणि हिंदी रूपांतर वसंत देव यांचं, म्हणजे आपल्याच माणसाचं. सृष्टीच्या आधी काय होतं, असा प्रश्न रविवारी सकाळी चहा पिता पिता घराघरात विचारला जात होता. टीव्हीनं लोकांची अभिरुची बिघडवली असं म्हणणाऱ्यांनी ते शीर्षक एकदा पुन्हा ऐकावं.

आणि मराठीत ‘गोट्या’ होती. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्यावरची. तिच्या शीर्षकगीतात बी रुजण्याची, अंकुर फुटण्याची गोष्ट आहे. शब्द मधुकर आरकडे यांचे. आजही शाळांच्या स्नेहसंमेलनात ते गाणं म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्या मुलांना ते एका मालिकेचं आहे याचा पत्ता नसतो. त्याला चाल लावली होती अशोक पत्की यांनी.

आता या माणसाविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

पत्कींचा जन्म १९४१चा. सुमन कल्याणपूर यांच्यासाठी त्यांनी केलेलं ‘केतकीच्या बनी तिथे’ आकाशवाणीनं इतक्या वेळा लावलं की दोन पिढ्यांना मोराचं नाव निघालं की तेच सुचतं. जितेंद्र अभिषेकींच्या हाताखाली त्यांनी नाट्यसंगीताचं काम जवळून पाहिलं. म्हणजे भावगीत आणि नाट्यपद या दोन्ही घरांत त्यांचा वावर. पण पोट भरलं ते जाहिरातींवर. हजारो जिंगल्स. आणि जिंगल ही शाळा कशी असते ते बघा: दहा सेकंद, वीस सेकंद, फार तर तीस. तेवढ्यात वस्तूचं नाव आलं पाहिजे, चाल कानात बसली पाहिजे, आणि एकदा ऐकून बाईनं दुकानात ती गुणगुणली पाहिजे. तिथे आलापाला जागा नाही, प्रस्तावनेला नाही, ‘मूड तयार होऊ द्या’ म्हणायला तर मुळीच नाही. पहिल्या चार सुरांत काय ते सांगा.

याच माणसानं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल बांधली, जी १५ ऑगस्ट १९८८ला देशानं पहिल्यांदा ऐकली. संगीत संयोजनात लुई बँक्स होते, शब्द पियूष पांडे यांचे, आणि सुरुवात भीमसेन जोशींची, भैरवीत. ते गाणंसुद्धा मुळात एक लांबलेली जिंगलच आहे, वस्तूच्या जागी देश आहे इतकंच. पुढे कोकणी ‘अंतर्नाद’ चित्रपटासाठी पत्कींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी माणसाला गोव्याच्या भाषेतल्या सिनेमानं राष्ट्रीय मान दिला, आणि मराठी सिनेमानं तोवर त्यांना पुरेसं कामही दिलं नव्हतं, असं माझं मत आहे. त्यावर वाद घालायला कुणीही या.

१९९९ला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली. ‘आभाळमाया’ तिथलीच. सुकन्या कुलकर्णी, मनोज जोशी वगैरे मंडळी. शीर्षकगीत लिहिलं मंगेश कुडाळकरांनी, चाल पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. किशोरीताईंकडे शिकलेल्या, मैफलीत ख्याल गाणाऱ्या गायिकेचा आवाज रोज संध्याकाळी वरण-भाताच्या वासात मिसळला. त्या गाण्यात मालिकेचं कथानक नाही, सासू-सून नाही, नायक-नायिकेची नावं नाहीत. माणसाचा जीव जडतो, ओढ लागते आणि या सगळ्यावर केवढं मोठं आभाळ पसरलेलं असतं, एवढंच आहे. देवकीताई ते अजिबात रंगवून गात नाहीत. एखादी शहाणी मोठी बहीण समजूत काढते तशा, आवाज न चढवता. ओळ वर जाते तिथे वाटतं आता हरकत येणार, दाद घेणार. तर त्या तो सूर नुसता लावून सोडून देतात. ती न घेतलेली हरकत हेच त्या गाण्याचं सौंदर्य आहे. पूर्ण मैफलीत ही शिस्त ठेवणं सोपं, तिथे पुढे तास पडलेला असतो. मिनिटभरात संधी सोडायला धमक लागते.

‘वादळवाट’ २००३ची. पुन्हा कुडाळकर, पुन्हा पत्की. या वेळी देवकी पंडितांबरोबर स्वप्नील बांदोडकर. शब्दांत समुद्राची निळाई आहे, शंख-शिंपले आहेत, किनाऱ्यावर वेचता येतील अशा बारक्या बारक्या वस्तू. मालिकेचं नाव वादळाचं आणि गाणं वेचण्याचं. दुसऱ्या कुणी नावाप्रमाणे ढगांचा गडगडाट केला असता, ड्रम बडवले असते.

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, वर्षानुवर्षं मुंबईतल्या स्टुडिओंत कीबोर्ड वाजवलेले. त्यांच्याकडे जाऊन बसले आणि ही गाणी प्रत्यक्षात बनायची कशी ते विचारलं. निर्मात्याकडून पानभर टिपण यायचं: घर कसलं, माणसं कोण, नायिका किती सोसणार. मग संगीतकार आणि कवी समोरासमोर बसायचे. बहुतेकदा आधी चाल आणि मग शब्द, कारण मिनिटाचं माप चालीनं ठरतं. त्या मापात मुखडा, एक अंतरा आणि परत मुखडा. कुठे तरी मालिकेचं नाव यायलाच हवं, ते शक्यतो सगळ्यात ठसठशीत सुरावर. वाद्यमेळात ठेका मशीनवर, पण बासरी किंवा सतार किंवा व्हायोलिन असं एखादं वाद्य खरं, माणसानं वाजवलेलं. त्यावर निर्माते खळखळ करायचे आणि संगीतकार हट्ट धरायचे. गायिका यायची, कागद हातात घ्यायची, दोन-तीनदा ऐकायची आणि गाऊन जायची. दुपारपर्यंत काम संपलेलं. त्यांच्या बोलण्यात कुठेही ‘आम्ही काही अजरामर करतोय’ असा भाव नव्हता. काम होतं, झालं, चेक आला. कधी उशिरा आला.

बंधनं इतकी कडक असल्यामुळेच ही गाणी चांगली झाली. पूर्वी ७८ची तबकडी होती तेव्हाही हेच घडलं होतं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून भावगीताला मुखडा आणि दोन-तीन कडवी हा आटोपशीर आकार मिळाला. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीनं त्या साडेतीन मिनिटांचं सोनं केलं. पुढे एलपी आली, कॅसेट आली, सीडी आली, जागा वाढत गेली आणि गाणी सैल होत गेली. पाच मिनिटांच्या अल्बमगीतात दीड मिनिट नुसतं म्युझिक. टीव्हीनं पुन्हा कात्री हातात घेतली आणि भावगीत परत अंगासरसं झालं.

माझा एक मित्र इथे हटकून आडवा येतो. त्याचं म्हणणं, भावगीताचा वारसा ‘गारवा’नं चालवला, सलील-संदीप यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’नं चालवला आणि २००९नंतर अजय-अतुल यांनी सगळंच बदलून टाकलं. तुझी टायटलं म्हणजे पाणीपुरीवरची शेव. तो काही अगदीच चूक नाही. ‘जोगवा’ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातल्याच गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांना मिळाला, आणि ते गाणं त्या मानाला पुरेपूर लायक आहे. ‘सैराट’साठी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजला, तोही मराठी गाण्यासाठी, अभिमान मलाही वाटला. पण त्याला मी काळ दाखवते. ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं आणि २००४ साली मराठी सिनेमा पुन्हा चर्चेत आला, त्याच्या आधीची वर्षं आठव. मराठी चित्रपट कमी, त्यांतलं संगीत त्याहून कमी. चांगले गायक, चांगले वादक, चांगले कवी कुठे होते? टीव्हीत. जिथे काम तिथे माणसं. शिवाय ‘आयुष्यावर बोलू काही’ला जाणारा तिकीट काढून जायचा, आधीच कवितेचा भक्त असायचा. टायटल साँग ऐकणाऱ्यानं काहीच ठरवलेलं नसतं. त्याच्या कानावर ते पडतं आणि दोनशे भागांनंतर त्याला कळतं की आपल्याला ते येतंय.

या दोनशे भागांचा हिशेब गमतीचा आहे. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. रोज मिनिटभराचं शीर्षक धरलं तर नुसतं गाणंच पन्नास तास वाजलं. लताबाईंचं कुठलं गाणं आपण पन्नास तास ऐकलंय? वाईट गाणं इतक्या वेळा ऐकवलं तर लोक टीव्ही फोडतील. म्हणून शीर्षकगीताची कसोटी साध्या गाण्यापेक्षा अवघड: पहिल्यांदा आवडून चालत नाही, चारशेव्यांदा सहन व्हावं लागतं.

चाहती असले तरी डोळे मिटलेले नाहीत. या प्रकारात भरताडही भरपूर झालं. रेशीम, बंध, गाठी, सावली, ओंजळ, हिंदोळा, उंबरठा, एवढे शब्द एका डब्यात घालून हलवले की निम्मी शीर्षकगीतं बाहेर पडतील. गायिकेनं गळ्यात हुंदका आणून गायचं, ही साथ २००५नंतर पसरली आणि अजून गेलेली नाही. नीलेश मोहरीर यांच्यासारख्या नंतरच्या पिढीतल्या संगीतकारांनी गोडवा टिकवला. रमाबाई रानड्यांवरच्या ‘उंच माझा झोका’चं त्यांचं शीर्षक मला फार आवडतं, त्यात नऊवारीतल्या मुलीचा उत्साह आहे, उगाच करुण केलेलं नाही. पण अशी उदाहरणं पुढे विरळ झाली.

मग एक मजेशीर गोष्ट घडली. मालिकेनं गाणं जन्माला घालण्याऐवजी गाण्यांनी मालिकांना नावं पुरवायला सुरुवात केली. ‘का रे दुरावा’ हे ‘मुंबईचा जावई’मधलं, गदिमा-बाबूजी-आशाताई यांचं. ‘तुला पाहते रे’ हे ‘जगाच्या पाठीवर’मधलं, पुन्हा तेच तिघे. ‘रंग माझा वेगळा’ सुरेश भटांचं. ‘तुझ्यात जीव रंगला’वर ‘जोगवा’ची सावली आहेच. पत्कींनी स्वतः शब्द लिहून चाल दिलेलं, स्वप्नील बांदोडकरांनी गायलेलं ‘राधा ही बावरी’ आधी लोकप्रिय झालं आणि २०१२ साली त्या नावाची मालिका आली. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ तर प्रशांत दामले ‘एका लग्नाची गोष्ट’ नाटकात गात, चाल पुन्हा पत्कींची. वाहिन्यांच्या कचेऱ्यांत बसलेल्या हुशार मंडळींना कळलेलं असणार की मराठी माणसाच्या मनात शिरायची वाट जुन्या गाण्यावरून जाते. नवं गाणं रुजवायला वेळ लागतो. रुजलेलं उचललं की काम झालं. मला यात आळस दिसतो. घर जुन्या पुण्याईवर चालवायचं म्हणजे किती दिवस?

आणि तेवढ्यात शीर्षकगीतालाच कात्री लागली. ट्रायनं तासाला बारा मिनिटांच्या जाहिरातींची मर्यादा घातली, पण आटत गेलेलं मिनिट जाहिरातीचं नव्हतंच, गाण्याचं होतं. कालच्या भागात काय झालं आणि उद्याच्या भागात काय होईल हे दाखवण्यातच इतका वेळ जातो की मध्ये आजचा भाग मावतो हेच नशीब. शीर्षक आता एक ओळ, एक झगमगाट आणि नाव. कित्येक दिवस तेवढंही नाही. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी तर २०१७पासून नेटफ्लिक्सनं शीर्षक टाळायचं बटणच दिलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. बटण दाबणाऱ्याला मी दोष देत नाही. सलग सहा भाग बघणाऱ्याला सहा वेळा नांदी कशाला? पण रोज संध्याकाळी एकच भाग बघणाऱ्या घराला ते मिनिट हवं होतं, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

वाहिन्यांच्या पुरस्कार सोहळ्यांत ‘सर्वोत्कृष्ट शीर्षकगीत’ असा विभाग अजून असतो. बक्षीस संगीतकार किंवा गायक घेऊन जातात. कवीचं नाव? मला ज्या ज्या लोकांनी ‘आभाळमाया’ म्हणून दाखवलं, त्यांना चाल कुणाची विचारलं तर बऱ्याच जणांनी पत्की सांगितलं, आवाज सगळ्यांनी ओळखला. मंगेश कुडाळकर हे नाव मात्र क्वचितच कुणाला ठाऊक होतं. ज्याच्या ओळी लाखो माणसांना तोंडपाठ आहेत आणि ज्याचं नाव त्यांनी ऐकलेलंही नाही, असा कवी मराठीत ओव्या रचणाऱ्या बायकांनंतर झाला नसेल.

म्हणून दोन मागण्या. पहिली वाहिन्यांना: तुमच्या संग्रहात पडलेली जुनी शीर्षकगीतं, पूर्ण लांबीची, कवी-संगीतकार-गायक-वादकांच्या नावांसकट एकत्र बाहेर काढा. यूट्यूबवर सापडतात ती अर्धी कापलेली, कुणी टीव्हीसमोर मोबाइल धरून घेतलेली आणि कवीचं नाव चुकवलेली असतात. दुसरी मागणी तुम्हाला. घरात माळ्यावर २००० सालच्या आगेमागे टेप केलेल्या व्हिडिओ कॅसेट असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात घालू नका. वर ‘ताईचं लग्न’ लिहिलेलं असलं तरी शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी एखादी मालिका नक्की टेप केलेली असते. बुरशी धरायच्या आत त्या कॅसेट डिजिटल करून घ्या. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांपैकी काही जण हे काम अजून करतात.